लंकाबाईनं मागून घेतलेलं मैदान

लंकाबाईशी भांडायचं असेल तर आधी पोटभर जेवून जावं, असं खैरमाळात म्हणतात. कारण सुटका कधी होईल ते सांगता येत नाही. नळावर कुणी नंबर मोडला, रेशनवाल्यानं काटा मारला, की बाईचा पदर कमरेला खोचलाच म्हणून समजा. मग पारावरची रिकामी माणसं "पेटली रं लंका" म्हणत सरसावून बसतात. सासऱ्यानं नाव ठेवतानाच विचार करायला पाहिजे होता, असं तिचा नवरा कल्याण म्हणतो. अर्थात तो हे ट्रॅक्टरवर बसल्यावर म्हणतो, इंजिन चालू करून.

पण खोटं कशाला बोलावं, ह्याच तोंडानं तिनं एक जीव जगवला. स्नेहल जन्मली तेव्हा तिच्या पाठीवर, मणक्याच्या खाली, गाठ होती. नगरला ऑपरेशन झालं. पोर वाचली, पण कमरेखाली जीव आला नाही तो नाहीच. भावकीतल्या एका शहाण्यानं दारात उभं राहून सल्ला दिला, "वयनी, देवाची चीज देवाला वाहून टाका. अजून वय हाय तुमचं." त्याला लंकाबाईनं जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. एवढं सांगतो, की तो गडी अजून त्या गल्लीनं जात नाही, लांबच्या वाटेनं ओढ्याकडून जातो.

पाथर्डी तालुक्याचा हा भाग म्हणजे नुसतं माळरान. पाऊस आला तर बाजरी, नाही तर कुसळं. दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला जातं, कुणी श्रीगोंद्याकडं, कुणी पार कोल्हापूरकडं. लंकाबाई आणि कल्याणही जोडीनं जायचे. पोरीसाठी तिनं कोयता सोडला. कल्याण कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागला आणि ती गावात राहून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. पोर मोठी होत गेली. घरात दोन हात जमिनीवर टेकून, अंग ओढत, खुरडत इकडून तिकडं जायची, आणि बाहेर जायचं झालं की आईच्या पाठुंगळी. आता अकरा वर्षांची धिप्पाड पोर पाठुंगळी घेऊन शाळा गाठायची म्हणजे गंमत नाही, पण लंकाबाईच्या तोंडून "दमले" हा शब्द कुणी ऐकलेला नाही.

शाळेच्या मागं मैदान होतं. मैदान म्हणायचं आपलं, नाही तर फुफाटाच. एक घसरगुंडी, तिचा पत्रा फाटलेला. एका झोक्याचे नुसते खांब. बाकी सगळी माती. पंचायत समितीच्या शिबिरात स्नेहलला चाकाची खुर्ची मिळाली होती, पण त्या मातीत ती चार हात गेली की रुतायची. यावर उपाय काढला रेश्मानं.

ही रेश्मा म्हणजे शेजारच्या सविताची लेक. स्नेहलच्याच वर्गातली. आईबाप तोडीला गेले की ही आजीजवळ राहायची, म्हणजे नावाला आजीजवळ, जेवायला-झोपायला लंकाबाईच्या घरी. अंगानं काडी, पण डोकं असं चालायचं की मास्तरसुद्धा तिला आधी विचारायचे आणि मग फळ्यावर लिहायचे. तिनं कुठून तरी खताचं रिकामं पोतं आणलं, त्यात पेंढा भरला, पुढं दोर बांधला आणि स्नेहलला त्यावर बसवून मैदानभर ओढायला सुरुवात केली. विषामृत खेळताना दोघी मिळून एक गडी. ओढणारीला हात लागला की बसलेलीही विष, दोघींनी गप्प थिजून राहायचं, कुणी येऊन अमृत देईपर्यंत. कुणी पोरगं कनवाळूपणानं म्हणालं, "जाऊ दे, स्नेहल लिंबू-टिंबू हाय, तिला सोडा," की रेश्माच अंगावर जायची. "लिंबू-टिंबू तुझी आजी! आऊट झाली म्हंजी झाली." आणि स्नेहल आऊट व्हायची, आणि आऊट झाल्याबद्दल भांडायची, आईच्या वरताण.

लंकाबाईला हे बघवायचं नाही. तिला पोरीचा हसणारा चेहरा दिसायचा नाही असं नाही, पण त्याआधी पोतं दिसायचं. आपल्या लेकराला मेल्या ढोरासारखं ओढत नेतात, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यात एकदा काय झालं, पोत्याखाली खडा का काच आली आणि स्नेहलची मांडी फाटली. तिला तिथं कळतच नाही काही, त्यामुळं खेळ संपेपर्यंत ती तशीच फिरत राहिली. दोन दिवसांनी घाण वास आला तेव्हा लंकाबाईच्या ध्यानात आलं. पाथर्डीच्या डॉक्टरनं तिलाच फैलावर घेतलं, "आई आहात की कोण? अजून चार दिवस गेले असते तर पाय काढावा लागला असता." लंकाबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकून घेऊन गप्प बसली. घरी आली आणि पहिलं काम काय केलं, तर ते पोतं चुलीत घातलं. स्नेहल रडून रडून लाल झाली. रेश्मा दाराशी उभी राहून बघत होती. तिला लंकाबाई म्हणाली, "तुला कळत न्हाई का गं, एवढी हुशार म्हनवतीस तर?"

रेश्मा तशीच वळून घरी गेली.

नेमकी त्याच महिन्यात ग्रामसभा होती. सरपंच आदिनाथभाऊंनी सांगितलं, की एका कंपनीचा फंड आलाय, शाळेमागचं मैदान नवं करायचं, आणि असं करायचं की धडधाकट असो का अधू, सगळ्या पोरांना तिथं खेळता आलं पाहिजे. नगरहून त्यासाठी एक मॅडम आल्या होत्या. साध्या होत्या बिचाऱ्या, सतरंजीवर बायकांच्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "आधी मला पालकांचं ऐकायचंय. तुमच्या मुलांना काय हवंय?"

सभेत बायका एरवी तोंड उघडत नाहीत. पण लंकाबाई उठली. तिनं डॉक्टरचं बोलणं सांगितलं, मांडीची जखम सांगितली, पोत्याचं सांगितलं. सांगता सांगता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि हे गावाला इतकं नवीन होतं की पारावरचे टवाळसुद्धा मान खाली घालून बसले. शेवटी ती म्हणाली, "आजवर माझ्या लेकरानं दुसऱ्याच्या मैदानात माती खाल्ली. तिच्यासाठी काही तरी येगळं करा. तिच्या हक्काचं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं खरंय. पण वेगळं नको करायला. एकच मैदान करू. स्नेहलची खुर्ची जिथं जाईल तिथं बाकीची मुलंही जातील, सगळी एकत्र..."

"मॅडम," लंकाबाईनं तिथंच तोडलं, "तुमच्या लेकराला चालता येतं का?"

मॅडमनी मान हलवली. येतं.

"मग तुमाला काय कळायचं! ज्याचं जळतं त्याला कळतं. येगळ्याला येगळंच पायजे."

टाळ्या पडल्या. खैरमाळाच्या ग्रामसभेत बाईमाणसाच्या बोलण्याला टाळ्या पडल्या ही काही थोडी गोष्ट नाही. आदिनाथभाऊ खुशीत म्हणाले, "लंकावयनीचा शब्द मंजूर!" मॅडमनी वही मिटली. लंकाबाईनं त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला. पुढं कित्येक दिवस ती नळावर सांगत होती, "मी म्हनले म्हनून झालं बरं का. न्हाई तर ती नगरची बाई सगळं एकात कालवायला निघाली हुती."

काम सुरू झालं. खडी आली, मुरूम आला, रंगीत खेळणी टेम्पोतून उतरली. स्नेहल रोज शाळा सुटली की खुर्चीत बसून कडेला मुक्काम टाकायची आणि शेजारी रेश्मा. पोतं जाळल्याचा राग पोरी विसरल्या होत्या. पोरंच ती, किती दिवस धरतील? त्यांचं सगळं ठरलं होतं. नव्या गोल चक्रावर खुर्चीसकट चढता येतं, तर आधी स्नेहलनं बसायचं आणि रेश्मानं फिरवायचं, मग रेश्मानं बसायचं आणि स्नेहलनं खालून हातानं फिरवायचं. "तुझ्या हातात लई जोर हाय," रेश्मा म्हणायची, "मला फेकून देऊ नको म्हंजी मिळवली." त्यावर दोघी इतक्या हसायच्या की कामावरचा मिस्त्री वैतागायचा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की उद्घाटन. लंकाबाईनं पोरीला बाजारातून मोरपंखी फ्रॉक आणला. फीत स्नेहलच्याच हातानं कापायची असं ठरलं होतं. सगळं गाव जमलं, कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन आली. आणि तिथं गेल्यावर लंकाबाईनं पहिल्यांदा नीट बघितलं, की मैदानाच्या वरच्या कोपऱ्यात शेवटच्या दोन दिवसांत घाईनं छातीएवढा उंच लोखंडी कठडा उभा केलाय, पिवळा-हिरवा रंगवलेला, त्याला गेट, गेटला कडी. आत गुळगुळीत फरशी, खुर्ची चढायला उतार, पट्ट्याचा झोका, ते गोल चक्र. बाहेर बाकीच्या मैदानात नवी घसरगुंडी आणि झोके, पण खाली होती तीच माती. गेटवर पाटी: फक्त दिव्यांग बालकांसाठी.

फीत कापली, टाळ्या झाल्या. स्नेहलची खुर्ची आत ढकलली. रेश्मा मागोमाग निघाली तर राखणीला बसवलेल्या सहादेवआबांनी काठी आडवी धरली. "तुमचं तिकडं हाय, बाई. ही त्यांची बाजू."

त्यांची म्हणजे कुणाची? खैरमाळात दुसरं तसं लेकरू एकच, ऐकू न येणारा अंगद, आणि तो नगरच्या निवासी शाळेत. म्हणजे त्या रंगीत कोपऱ्यात स्नेहल एकटी. फोटोवाले म्हणाले, "हस की बाळ." ती हसली. फोटोवाले गेले, गाव पांगलं, पोरं आरडाओरडा करत नव्या घसरगुंडीकडं धावली. स्नेहल गोल चक्रावर खुर्चीत बसून राहिली, कारण ते चक्र काही आपोआप फिरत नाही.

घरी येताना तिनं विचारलं, "मम्मे, मला येगळं काढलं का?"

आता गावात 'येगळं काढलं' म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. मागच्याच वर्षी तिच्या चुलत्यांनी तसं केलं होतं. भांडी वाटली, चूल वेगळी घातली, मधे भिंत बांधली, आणि कालपर्यंत एका ताटात जेवणारी पोरं एकमेकांच्या उंबऱ्यावर थबकायला लागली. लंकाबाईनं पोरीचा फ्रॉक उगाच सारखा केला. ती म्हणाली, "येगळं कुठलं, बाई? खास हाय ते. तुझ्यासाठी."

खास कोपऱ्यात मग रोज संध्याकाळी लंकाबाई जायची आणि चक्र फिरवायची. खुरपून आलेल्या हातांनी गरागरा फिरवायची, तोंडानं गाडीचे आवाज काढायची, स्वतःच हसायची. स्नेहल कठड्याकडं तोंड करून बसायची. चक्र फिरलं की तिची मान उलटी वळायची, डोळे बाहेरच्या खेळावरच. विषामृतात कोण थिजलंय, कोण पळतंय. एकदा ती आतूनच ओरडली, "रेश्मा, मागं बघ, मागं!" आणि सगळी पोरं क्षणभर थांबून तिच्याकडं बघायला लागली, जसं परगावचं कुणी बोलावं. त्यानंतर ती ओरडली नाही. पुढं पुढं तर "आज डोकं दुखतंय", "आज अभ्यास हाय" असं सुरू झालं.

लंकाबाई सरपंचाकडं गेली. "भाऊ, तेवढा कठडा काढून टाका."

आदिनाथभाऊ हसले. वाईट माणूस नव्हे तो. "वयनी, काढला तर मोठी टारगट पोरं आठ दिवसांत सगळं मोडून ठिवतील. शेजारच्या गावात बघितलं न्हवं, व्यायामाची यंत्रं भंगारात गेली. आन् कंपनीची मानसं परत बघायला येनार. तवर एक बोल्ट हालवता यायचा न्हाई."

"मग निदान रेश्मीला तरी आत सोडा."

"एकीला सोडलं की धा जनी येत्यात. आन् वयनी," त्यांनी आवाज उतरवला, "ग्रामसभेत तुमीच म्हनला न्हवं, येगळ्याला येगळंच पायजे? ती मॅडम तर न्हाई न्हाई म्हनत हुती. आमी तुमचा शब्द ठिवला."

आता कुणाशी भांडणार? घरी येऊन तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि परातीतच रडली. नवरात्र आलं, गेलं. दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि गावात सामानसुमान बांधायची घाई सुरू झाली. तोडीच्या मुकादमाचे ट्रॅक्टर चौथ्या दिवशी पहाटे निघणार होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लंकाबाईला रानातून यायला उशीर झाला. स्नेहलला मास्तरांनी मैदानावर सोडलं होतं. शाळेच्या कोपऱ्यावरून वळली आणि तिला दिसलं ते असं. गेटसमोर सात-आठ पोरं रांगेनं उभी. एकजण एक पाय फरफटत चालतोय, दुसऱ्यानं हात वाकडे करून छातीशी धरलेत, एक पोरगी डोळे मिटून चाचपडतीये. पोरं खिदळतायत. आणि सगळ्यांच्या पुढं रेश्मा, दोन हात जमिनीवर टेकून, पाय मागं सोडून, अंग ओढत, खुरडत. हुबेहूब. हात टाकायच्या आधी स्नेहल मान जशी डावीकडं झटकते, तीसुद्धा तशीच झटकत.

लंकाबाईला पुढचं काही दिसलं नाही. आत स्नेहल आहे, ती टाळ्या वाजवतीये, सहादेवआबा काठी बगलेत धरून हसतायत, हे काही काही दिसलं नाही. डोक्यात नुसतं रक्त. ती धावत गेली, रेश्माला दंडाला धरून वर खेचली आणि एक अशी ठेवून दिली की पोर कोलमडली.

"माझ्या लेकराची नक्कल करतीस? माझ्या घरी खाऊन माझ्याच लेकराची नक्कल? झडतील तुझं पाय! अशीच खुरडत जाशील जल्मभर!"

पोरं चिमण्यांसारखी पांगली. रेश्मा उठली, गालावर हात, डोळे विस्फारलेले. रडली नाही. स्वतःच्या पायांकडं तिनं एकदा बघितलं आणि घराकडं पळत सुटली. आतून स्नेहल कठडा दोन्ही हातांनी हलवत किंचाळत होती, "मम्मे, न्हाई! मम्मे, न्हाई गं!"

काय झालं होतं ते सहादेवआबांनीच सांगितलं. रेश्मा रोज गेटवर यायची आणि विचारायची, "आबा, आमाला कवा सोडनार?" वैतागून ते एकदा बोलून गेले, "पाय मोडून ये, मंग सोडतो." चेष्टेनं. पोरीनं ते खरं धरलं. दोन दिवस पोरांना जमवून तिनं तालीम घेतली, कुणी काय व्हायचं ते ठरवलं. उद्या गावातली निम्मी पोरं जाणार, त्याच्या आत एकदा तरी स्नेहलबरोबर आत खेळायचं. "आन् मी म्हनलो, जाऊ दे, आता न्हाई कसं म्हनू," आबा म्हणाले. "कडी काढलीच हुती मी, लंकाबाई. तेवढ्यात तू आलीस."

घरी आल्यावर स्नेहल जेवली नाही. चुलीपुढं बसून राहिली. लंकाबाई तिच्या केसांवरून हात फिरवायला गेली तर तिनं डोकं बाजूला घेतलं. मग म्हणाली, "मम्मे, खुरडत जाशील म्हनलीस तू तिला."

"रागात गेलं गं तोंडातनं."

"मी खुरडती." पोर आईकडं बघत होती. "ती शिवी हाय व्हय?"

अकरा वर्षं जे जे कुणी पोरीला बोललं त्याला त्याला हिनं फाडून खाल्लं, आणि सगळ्यांत वाईट शब्द शेवटी हिच्याच तोंडून निघाला. लंकाबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. ती तशीच उठली आणि शेजारी गेली.

सविता गोधड्यांची वळकटी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. लंकाबाईनं सगळं सांगितलं, हात जोडले, म्हणाली, "सविता, मी चुकले गं. पोरीला बोलव, मी तिच्या पाया पडते."

"मारलंत त्याचं काय न्हाई, जाऊबाई," सविता म्हणाली. सख्ख्या जावा नव्हेत त्या, पण इतक्या वर्षांत तीच हाक पडली होती. "मी बी मारते. पर पायाचं बोललात. नवरात्रात कुमारिका म्हनून ह्याच पायांवर तुमी पानी घातलंत, कुंकू लावलंत. ते पाय झडू देत म्हनलात."

"शब्द माघारी घेते मी."

"येतो व्हय माघारी?" सविताचे डोळे भरले. "मी रानात कोयता चालवनार आन् हिकडं माझ्या डोक्यात तेच फिरनार. म्हनून ह्या बारीला तिला संगं नेती. नजरंसमोर तरी राहील."

"आन् शाळा? सविता, तिची शाळा गं! आन् स्नेहल..."

सवितानं दोराला गाठ मारली आणि तोंड फिरवलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. रेश्मा बाहेर आली नाही.

उजाडायला चौकात ट्रॅक्टर लागले. ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. स्नेहलच म्हणाली, "मला घेऊन चल." लंकाबाई तिला पाठुंगळी घेऊन धावतच गेली. रेश्मा दुसऱ्या ट्रॉलीत वळकट्यांवर बसली होती, पाय खाली सोडून. स्नेहलला बघितल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. "स्नेहल!" ती ओरडली आणि वाकून तिनं हात पुढं केला. दोघींची बोटं एकमेकींत अडकली. रेश्मा म्हणाली, "मी आले की आपन जाऊ आत. आबानं सोडलंच हुतं." स्नेहल नुसती मान हलवत होती.

लंकाबाईच्या तोंडासमोरच ते दोन पाय होते. मातकट, टाचेला भेगा पडलेले, एका पायात काळा दोरा. रात्रीत आजीनं बांधलेला असणार. पाठीवरची पोर एका हातानं सावरत तिनं दुसरा हात पुढं केला. त्या पायांना हात लावून कपाळाला लावायचा, एवढंच तिच्या मनात होतं. "रेश्मे, बाळा..."

रेश्मानं दचकून पाय वर ओढले. पोटाशी घेतले, आणि शेजारची गोधडी ओढून त्यांच्यावर घातली. दोन्ही हातांनी ती गोधडी घट्ट दाबून धरली. लंकाबाईकडं ती बघत होती ते रागानं नव्हे. ती भ्याली होती.

ट्रॅक्टर हलला. ट्रॉली वळणावर गेली तरी पोरीनं गोधडी सोडली नाही, आणि त्यामुळं तिला हातही हलवता आला नाही. धुरळा उडाला, बसला. चौकात म्हातारीकोतारी तेवढी उरली. लंकाबाईचा हात अजून पुढंच होता.

"मम्मे," पाठीवरून स्नेहल म्हणाली, "मला खाली ठिव."

"घरी गेल्यावर ठिवते, बाई. खडे हायेत हितं."

"खाली ठिव मला."

तिनं ठेवली. स्नेहलनं दोन तळहात डांबरावर टेकले, मान डावीकडं झटकली आणि अंग ओढत घराच्या वाटेला लागली. भर रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. लंकाबाई मागं मागं चालत राहिली. वाटेत दोनदा ती उचलायला वाकली, आणि दोनदा तिचं धाडस झालं नाही.